किनवट : एका लाकूडपेठेचा मागोवा

मराठवाड्यात घर मोजण्याची एक जुनी रीत आहे. घर किती चौरस फुटांचे, असे पूर्वी येथे कोणी विचारीत नसे. घर किती खणांचे, असे विचारीत. दोन खांब उभे करून त्यांवर तुळई टाकली म्हणजे जेवढी जागा झाकली जाई, तेवढा एक खण. पाच खणांचे माळवद असलेला शेतकरी खाऊनपिऊन सुखी समजला जाई आणि चौसोपी वाड्याचा धनी गावचा देशमुख वा देशपांडे असे. म्हणजे भिंती दगडाच्या, छत मातीचे, पण माणसाची ऐपत मोजण्याचे माप मात्र लाकडाचे. आता ज्या काळ्या रानात बाभूळ, लिंब आणि बांधावरचे आंब्याचे झाड यांपलीकडे नजरेत भरेल असे झाड नाही, त्या मुलखात हातात न मावणारे सागाचे खांब आणि वीस-वीस फुटी तुळया आल्या कोठून?

हा प्रश्न आम्हांला बिलोलीत पडला. बिलोली हे मांजरेच्या खोऱ्यातले, महाराष्ट्राच्या अगदी कडेचे गाव. सरफराजखान या मोगल सरदाराच्या नावाशी जोडलेली येथली दगडी मशीद पाहण्यास लांबून लोक येतात. कंधारचा किल्ला, देगलूरजवळचे होट्टलचे मंदिर, नांदेडचा गुरुद्वारा यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. दगड टिकतो, म्हणून त्याचा इतिहास होतो. लाकूड जळते, किडते, विकले जाते. त्याची बखर कोणी लिहीत नाही. तेव्हा जेथून हे लाकूड येत असे असे जुनी माणसे सांगतात, ते गाव तरी एकदा पाहून यावे असे ठरले. हिवाळ्याचे दिवस होते. धर्मग्रामातील महाविद्यालयात जाणारी काही मुले, दोन शिक्षक आणि आम्ही अशी मंडळी एका पहाटे जीपने निघालो ती किनवटच्या रस्त्याला लागलो.

बिलोलीहून उत्तरेकडे

बिलोली ते किनवट हे अंतर दीडशे किलोमीटरांहून थोडे अधिक भरते. परंतु या एका वाटेवर मराठवाड्याचा अर्धा इतिहास पसरलेला आहे. कुंडलवाडी मागे टाकून गोदावरी ओलांडली की धर्माबाद लागते. येथली लाल मिरचीची बाजारपेठ प्रसिद्ध आहे. जवळच गोदावरीवरचा बाभळी बंधारा आहे. त्याच्या पाण्यावरून दोन राज्यांत झालेला वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २८ फेब्रुवारी २०१३ रोजी त्याचा निकाल लागला. दरवर्षी १ जुलैपासून २८ ऑक्टोबरपर्यंत बंधाऱ्याचे दरवाजे उघडे ठेवावयाचे, असा तो निर्णय. नदी एक आणि धनी दोन, ही गोष्ट या प्रदेशाला नवी नाही. पुढे किनवटला तीच पुन्हा भेटणार होती.

धर्माबादनंतर उमरी. हैदराबाद मुक्तिसंग्रामात ३० जानेवारी १९४८ रोजी स्वातंत्र्यसैनिकांनी येथली बँक लुटून लढ्यासाठी पैसा उभा केला. त्याच दिवशी संध्याकाळी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली. बरोबरच्या मुलांना पहिली घटना ठाऊक नव्हती आणि दुसरी पाठ होती. आपल्या उंबरठ्यावरचा इतिहास शाळेच्या पुस्तकात शिरण्यास फार वेळ लागतो, एवढेच यावरून म्हणावयाचे.

भोकरपर्यंत जमीन काळी आणि सपाट आहे. कापूस वेचून झालेला, तुरी उभ्या. भोकर सोडले की रस्ता हळूहळू वर चढू लागतो, मातीचा रंग तांबूस होतो आणि हिमायतनगर, इस्लापूर या बाजूस डोंगरांची रांग दिसू लागते. सातमाळा-निर्मळ या नावांनी ओळखली जाणारी ही रांग पुढे तेलंगणात उतरते. याच डोंगरांच्या पलीकडे निर्मळ हे गाव आहे. पोनिकीच्या हलक्या लाकडाची रंगीत खेळणी घडविणारे कारागीर तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहतात. इस्लापूरजवळ पैनगंगेचा सहस्रकुंड धबधबा आहे. काळ्या खडकांतून नदी अनेक धारांनी खाली झेपावते. हिवाळ्यात पाणी कमी असते. तरी त्या खडकांच्या रचनेवरून पावसाळ्यातील तिच्या जोराची कल्पना येते.

आणि मग साग सुरू होतो. प्रथम विरळ, नंतर दोन्ही बाजूंनी दाट. पावसाळ्यात पांढऱ्या फुलोऱ्याने झाकलेला साग हिवाळ्यात पिवळा-तपकिरी दिसतो. ताटाएवढी त्याची पाने वाळून खाली पडतात आणि त्यांवरून कोणी चालले तर लांबूनच ऐकू येते. कोवळे पान तळहातावर चोळले तर हात लाल होतो. आमच्या मुलांनी एका फुटव्याचे पान मिळवून तोही प्रयोग करून पाहिला. सागाबरोबर धावडा, ऐन, मोह, तेंदू, सालई, बिबा, चारोळी अशी झाडे या रानात आहेत. नांदेड जिल्ह्यातील बहुतेक सगळे वन किनवट आणि माहूर या दोन तालुक्यांतच एकवटलेले आहे. शेजारच्या लातूर जिल्ह्यात जमिनीच्या शंभरातला एक भागही वनाखाली नाही. मराठवाड्याला लाकूड पुरविण्याचा भार या कोपऱ्यावर का पडला, हे नकाशाकडे पाहिले तरी कळते.

नदीच्या दोन तीरांवर दोन कायदे

किनवट हे पैनगंगेच्या काठचे गाव. पलीकडच्या तीरावर यवतमाळ जिल्हा आणि पैनगंगा अभयारण्य. आज दोन्ही तीर महाराष्ट्रात आहेत. परंतु शंभर वर्षे ही नदी दोन राजवटींची सीमा होती.

मोगल काळात या भागाचे ठाणे माहूर होते. ‘आईन-इ-अकबरी’त वऱ्हाड सुभ्यातील एक सरकार म्हणून माहूरची नोंद आहे. पुढे हा सर्व मुलूख निजामाकडे गेला. हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या खर्चाची बाकी वाढत गेली आणि १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या हवाली केला. तेव्हापासून पैनगंगेच्या पलीकडे इंग्रजी अंमल आणि अलीकडे निजामी अंमल सुरू झाला. पलीकडे इंग्रजी अमलाचे वनकायदे आले. अलीकडे हैदराबाद सरकारचे स्वतंत्र जंगल खाते आणि त्याचे स्वतंत्र नियम. एकच रान, एकच साग, तेच गोंड आणि कोलाम. पण नदी उतरून जाणाऱ्या माणसाला एका तीरावर एक शिपाई आणि दुसऱ्या तीरावर दुसरा शिपाई अडवू लागला.

निजामाच्या राज्यात किनवट हा आदिलाबाद जिल्ह्याचा तालुका होता, नांदेडचा नव्हे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचना झाली, तेव्हा किनवट तालुका आणि बोथ तालुक्याचे इस्लापूर मंडळ आदिलाबादहून काढून नांदेडला जोडण्यात आले. किनवटच्या बाजारात आजही मराठी, तेलुगू, गोंडी, कोलामी, बंजारा आणि दखनी उर्दू अशा भाषा एकाच दुकानासमोर ऐकू येतात, त्याचे मूळ येथे आहे. गोंडी आणि कोलामी या द्रविड कुळातील भाषा आहेत, हे येथे मुद्दाम सांगावयास हवे. अनेक सुशिक्षित त्यांना अशुद्ध मराठी समजून हसतात.

रूळ, कूप आणि हर्रास

साग हे काही साधे लाकूड नव्हे. त्यातील तेलामुळे त्याला सहसा वाळवी लागत नाही, पाण्याने ते कुजत नाही आणि एकदा नीट वाळले की फारसे फुगत वा वाकत नाही. म्हणून साऱ्या जगाने त्याचा हव्यास धरला. वसईच्या वाचकांना पोर्तुगीज काळातील आपल्याकडच्या जहाजबांधणीची आठवण असेल. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने सागाची जहाजे बांधली. त्यांपैकी १८१७ साली तयार झालेले ‘ट्रिंकोमाली’ हे लढाऊ जहाज इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आजही पाण्यावर उभे आहे. आपल्याकडेही या लाकडाची किंमत राज्यकर्त्यांना कळली होती. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात आरमारासाठी सागवान तोडावयाचे ते परवानगीने तोडावे आणि रयतेने लेकराप्रमाणे वाढविलेल्या आंब्या-फणसाला हात लावू नये, असा आशय आहे.

परंतु जहाजांनी समुद्रकाठचा साग खाल्ला. आतल्या मुलखातला साग खाल्ला तो रेल्वेने आणि घरांनी. सिकंदराबादहून नांदेडमार्गे मनमाडला जाणारी गोदावरी खोऱ्याची मीटरगेज लाईन १९०० च्या सुमारास सुरू झाली. पुढे तिच्यावरच्या मुदखेडहून एक फाटा भोकर, हिमायतनगरवरून किनवटच्या रानात शिरला आणि नंतर आदिलाबादपर्यंत गेला. रेल्वेला एका मैलाच्या रुळांखाली सुमारे दोन हजार स्लीपर लागत. दहा-पंधरा वर्षांनी ते बदलावेही लागत. म्हणजे जी गाडी लाकूड वाहून नेत होती, तिचे चालणेही लाकडावरच होते. बैलगाडीने डोंगर उतरून येणाऱ्या लठ्ठ्यांना आता फक्त स्टेशनपर्यंत यावयाचे होते. तेथून सिकंदराबाद एका बाजूला आणि मनमाड दुसऱ्या बाजूला. ज्या गावाला रस्ता धड नव्हता, ते रूळ येताच पेठ झाले.

या व्यापाराची रीत मुलांना समजावून सांगण्यास आम्हांला एक वृद्ध गृहस्थ भेटले. त्यांनी उमेदीची वर्षे लाकडाच्या आगारात काढलेली. त्यांनी जे सांगितले, ते वनखात्याच्या जुन्या पद्धतीशी जुळणारे आहे. रानाचे तुकडे पाडावयाचे. त्या तुकड्याला कूप म्हणतात. चाळीस वर्षांचे चक्र धरले तर चाळीस कूप. दरवर्षी एक कूप तोडावयाचा, म्हणजे एकेचाळिसाव्या वर्षी पहिला कूप पुन्हा तोडण्याजोगा व्हावा. तोडावयाच्या झाडाच्या बुंध्याची साल काढून त्यावर सरकारी हातोड्याचा ठसा मारीत. बी पडावे म्हणून चांगली झाडे राखून ठेवीत. तोडलेले लठ्ठे आगारात आणून लांबी आणि घेर पाहून त्यांच्या थप्प्या लावीत आणि मग हर्रास होई. लिलावाला मराठवाड्यात हर्रास म्हणतात. हर्रासाच्या दिवशी नांदेड, निजामाबाद, हैदराबादचे व्यापारी येत, गावातल्या खाणावळी भरून जात. घनफुटाचा हिशेब तोंडी करणारे मुनीम असत. “लाकडाला ठोकून बघायचं, फादर. आत पोकळ असलं तर आवाजच सांगतो. माणसाचंही तसंच असतंय,” असे ते म्हणाले आणि मोकळेपणाने हसले.

कागदावर ही रीत निर्दोष होती. रान हे मुद्दल आणि दरवर्षीची वाढ हे व्याज. फक्त व्याज खावयाचे, मुद्दलाला हात लावावयाचा नाही. पण कागदावरचे चाळीस कूप आणि डोंगरावरचे चाळीस कूप यांत अंतर पडत गेले. ठेकेदाराला एका कुपाची परवानगी असे. त्याची कुऱ्हाड शेजारच्या कुपाची हद्द नेहमीच ओळखत असे, असे नाही. तोडलेल्या कुपात गुरे शिरली की कोवळे फुटवे जात. त्यात माणसे वाढली, शेते वाढली. मुद्दल केव्हा संपू लागले हे कोणाच्या लक्षात आले नाही. कारण थप्प्या दरवर्षी लागतच होत्या.

ज्यांचे रान होते

एवढे सगळे सांगून झाल्यावर बरोबरच्या एका मुलाने विचारले, “पण हे रान आधी कोणाचे होते?” किनवटच्या इतिहासातील खरा प्रश्न हाच आहे.

या डोंगरांत वस्त्यांना तीन नावे आहेत. गोंडांचा गुडा, कोलामांचा पोड, बंजाऱ्यांचा तांडा. यांशिवाय आंध आणि परधान हेही येथले जुने रहिवासी. गोंडांची या प्रदेशात एकेकाळी राज्ये होती. कोलाम हे डोंगरमाथ्यावर फिरती शेती करणारे, लाजरे आणि अल्पसंतुष्ट लोक. महाराष्ट्रात कातकरी आणि माडिया गोंड यांच्याबरोबर त्यांची गणना अतिमागास आदिम जमातींत होते. त्यांच्या लेखी रान ही कोणाची मालमत्ता नव्हती. मोहाची फुले, चारोळी, डिंक, कंद आणि सरपण देणारे ते घर होते. राखीव जंगलाच्या खुणांचे दगड डोंगरावर रोवले गेले, तेव्हा त्यांतील कित्येक वस्त्या एका रात्रीत बेकायदा ठरल्या. सरपणाला पट्टी, चराईला पट्टी, जंगल खात्याच्या शिपायाला वेगळी पट्टी.

याच आदिलाबाद जिल्ह्यात, आसिफाबादच्या बाजूला, कुमराम भीम हा गोंड तरुण या जुलमाविरुद्ध उठला आणि १९४० साली जोडेघाटच्या डोंगरात निजामाच्या पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडला. भीम मेला, पण सरकारला जाग आली. गोंडांनी बंड का केले हे शोधण्याचे काम ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाकडे सोपविण्यात आले. महायुद्धामुळे हा गृहस्थ हैदराबाद संस्थानातच अडकून पडला होता. त्याने आपल्या पत्नीसह मारलावाई या गोंड खेड्यात मुक्काम केला, गोंडी भाषा शिकली, गोंडी मुलांसाठी शाळा आणि गोंडी शिक्षकांसाठी वर्ग सुरू केला आणि सरकारला सांगितले की या लोकांचे अपराध थोडे आणि त्यांच्यावरचे अन्याय फार आहेत. त्याच्या आग्रहामुळे हजारो आदिवासी कुटुंबांना जमिनीचे पट्टे मिळाले. परक्या देशातून आलेला माणूस एका गावात राहून, तेथली भाषा शिकून काय करू शकतो, याचे हे उदाहरण आम्हां धर्मगुरूंना तरी विचारात पाडणारे आहे.

मुक्तिसंग्रामातही रानाचा संबंध आला. १९४७ साली स्टेट काँग्रेसने सत्याग्रह पुकारला, तेव्हा मराठवाड्यात ठिकठिकाणी लोकांनी शिंदीची झाडे तोडली. शिंदीच्या ताडीवर सरकारला अबकारी उत्पन्न मिळे. झाड पाडले की सरकारची तिजोरी हलते, हा त्यामागचा विचार. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई होऊन संस्थान भारतात विलीन झाले. राज्य बदलले, जंगल खात्याचा हातोडा मात्र तोच राहिला.

पेठ ओसरली

स्वातंत्र्यानंतरची पहिली तीन दशके लाकडाच्या धंद्याच्या बहराची होती. शाळा, सरकारी कचेऱ्या, वसाहती, विजेचे खांब, सर्वांना लाकूड हवे होते. मुंबई राज्यात ठेकेदारांऐवजी आदिवासींच्या जंगल कामगार सहकारी संस्थांना कूप देण्याचा चांगला प्रयोग १९४७ पासून सुरू झाला होता. १९७४ साली महाराष्ट्र वनविकास महामंडळ स्थापन झाले. सागाच्या ओळीने लागवडी झाल्या. आज रस्त्याकडेला दिसणारा एकसारख्या उंचीचा, पलटणीसारखा उभा असलेला साग अशा लागवडींचा असतो. मोह-चारोळीसह वाढलेले जुने रान वेगळे दिसते.

पुढे चारी बाजूंनी ओहोटी लागली. रेल्वेने लाकडी स्लीपर काढून सिमेंटचे घातले. घराला स्लॅब आला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, दगडमातीच्या जाड भिंतींखाली हजारो माणसे दडपून गेली आणि लातूर-उस्मानाबादकडच्या लोकांच्या मनातून माळवद कायमचे उतरले. वास्तविक जेथे खांब-तुळयांचा सांगाडा भक्कम होता, तेथे भिंत ढासळूनही छत तोलले गेल्याचे जाणकारांनी दाखवून दिले होते. पण भ्यालेल्या माणसाला सिमेंटच सुरक्षित वाटले. याच सुमारास कायदाही बदलला. १९८० चा वनसंवर्धन कायदा, १९८८ चे वननीती धोरण आणि सर्वांवर कडी म्हणजे १२ डिसेंबर १९९६ चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश. मंजूर कार्य आयोजनेशिवाय वनातील झाड तोडावयाचे नाही आणि वनाजवळच्या विनापरवाना आरा गिरण्या बंद करावयाच्या, असे त्या आदेशाने ठरले. परतवाडा आणि बल्लारशाह येथील मोठी आगारे टिकून राहिली. किनवटसारख्या लहान पेठांचे दिवस मात्र संपले.

कायदेशीर धंदा आटला, तरी सागाची किंमत आटली नाही. त्यातून लाकूडचोरी आली. रात्री तोडलेले लठ्ठे दुचाकीवरून, बैलगाडीतून, कधी मोटारीतून सीमेपलीकडे जातात. वनरक्षकांवर हल्ले झाल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत वारंवार येतात. या विषयावर आमच्या मुलांत जेवताना मोठा वाद झाला. एक म्हणाला, चोर तो चोर. दुसरा म्हणाला, शंभर वर्षे रेल्वे भरून लाकूड गेले, तेव्हा चोर कोण होता? दोघांचेही बोलणे आम्हांला ऐकावेसे वाटले. रात्री सायकलवर लठ्ठा वाहणाऱ्या मजुराला त्यातून दोन दिवसांची भाकरी सुटते. नफा राहतो तो दूरच्या शहरात, दिवाणखान्यात सागवानी दार बसविणाऱ्याच्या आणि ते विकणाऱ्याच्या पदरी. त्याच वेळी, रात्री एका काठीनिशी रानात उभा राहणारा वनरक्षकही कोणाचा तरी मुलगा असतो, हेही विसरता येत नाही. पापाची वाटणी करताना नेहमी शेवटच्या हाताला पकडणे सोपे असते. २००६ च्या वनहक्क कायद्याने रानात राहणाऱ्यांचा हक्क मान्य केला आणि त्यांच्यावर ऐतिहासिक अन्याय झाल्याचे संसदेने स्वतःच लिहून ठेवले. ज्याला रानात हक्क मिळतो, तोच त्याची राखण जीव लावून करतो, असे आमचे मत आहे.

आजचे किनवट

एवढे सगळे भोगून किनवट आजही देखणे गाव आहे. मुदखेड-आदिलाबाद मार्ग आता ब्रॉडगेज झाला आहे. स्टेशनच्या मागे डोंगर, पुढे बाजार आणि एका अंगाला पैनगंगा. तालुक्याची कचेरी आहेच. शिवाय आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय येथे असल्याने गुड्या-पोडांवरची माणसे रोज येतात. बाजारात बोरे, आवळे, बिब्याच्या गोडंब्या, मध आणि डिंक विकणाऱ्या बायका रस्त्याकडेला बसलेल्या असतात. सुतारांची दुकाने आहेत; चौकटी, दिवाण, देव्हारे बनतात. रंध्याखालून निघणाऱ्या सागाच्या भुश्श्याला एक कडवट, चामड्यासारखा वास असतो. तो वास हीच या गावाच्या जुन्या वैभवाची उरलेली खूण, असे म्हटले तरी चालेल.

ज्यांना हातात वेळ आहे, त्यांनी पुढे उनकेश्वरला जावे. पैनगंगेच्या काठी तेथे गंधकाच्या उष्ण पाण्याचे झरे आहेत आणि त्वचारोग बरे व्हावेत म्हणून लोक श्रद्धेने स्नानास येतात. उत्तरेकडे माहूर आहे : रेणुकादेवीचे साडेतीन पीठांतील स्थान, दत्तशिखर, किल्ला आणि लेणी. आम्ही मात्र दुपारचा वेळ नदीवरच घालविला. पाणी संथ होते. पलीकडच्या तीरावर अभयारण्याचा साग सोनेरी दिसत होता. आमच्या मुलांपैकी काहींनी एवढी झाडे एका ठिकाणी प्रथमच पाहिली होती. लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ते त्यांना आठवत होते. त्यांच्या नातेवाइकांनी त्या पाण्यासाठी रांगा लावल्या होत्या. डोंगर, झाड आणि पाणी यांचे नाते त्यांना आणखी कोणी समजावून सांगण्याची गरज राहिली नाही.

लबानोन आणि पैनगंगा

पवित्र शास्त्राच्या वाचकांना एका मोठ्या लाकूडव्यवहाराची गोष्ट ठाऊक आहे. शलमोन राजाने मंदिर बांधावयास घेतले, तेव्हा सोरचा राजा हिराम याच्याशी करार करून लबानोनचे गंधसरू मागविले. त्यासाठी तीस हजार माणसे दहा-दहा हजारांच्या तुकड्यांनी पाळीपाळीने महिनाभर लबानोनात राबत होती, असा राजांच्या पहिल्या ग्रंथात उल्लेख आहे. त्या मंदिराचा एकही वासा आज उरलेला नाही. ज्या लबानोनची वने कवींनी गायिली, तेथे आता गंधसरूच्या थोड्या राया उरल्या आहेत. त्यांपैकी एक १९९८ साली जागतिक वारसा म्हणून जपून ठेवावी लागली. त्या देशाच्या ध्वजावर मात्र झाड आहे. ध्वजावर झाड राहावे आणि डोंगरावर राहू नये, अशी पाळी कोणत्याही देशावर येऊ नये.

किनवटची गोष्ट सुदैवाने तेथवर गेलेली नाही. २०१९ साली यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून एक तरुण वाघ निघाला. त्याच्या गळ्यात यंत्राचा पट्टा असल्यामुळे त्याची प्रत्येक वाट नोंदली गेली. आदिलाबादकडून आंबाडी घाटातून तो किनवटच्या रानात आला, पैनगंगा अभयारण्यात गेला, हिंगोली, वाशीम, अकोला असे जिल्हे ओलांडीत वर्षाअखेरीस बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. सुमारे १,३०० किलोमीटरांची ती पायपीट होती. निजाम आणि इंग्रज यांनी आखलेली सीमा त्याला ठाऊक नव्हती, १९५६ ची नव्हती आणि २०१४ सालची तेलंगणाचीही नव्हती. त्याला फक्त सलग रान हवे होते आणि ते त्याला, कोठे दाट तर कोठे विरळ, अजून सापडले. शंभर वर्षांच्या हर्रासांनंतरही एवढे शिल्लक आहे, ही गोष्ट लहान नव्हे.

सागाचा एक गुण त्या वृद्ध गृहस्थांनी आम्हांला सांगितला होता. झाड बुंध्यापाशी तोडले तरी मूळ जिवंत असेल, तर पहिल्या पावसात खोडाला फुटवे येतात. त्यांतला एक सरळ फुटवा राखावयाचा, बाकीचे काढून टाकावयाचे आणि गुरांपासून तो जपावयाचा. त्याचे तुळई होण्याजोगे झाड होण्यास साठ-सत्तर वर्षे लागतात. म्हणजे जो राखतो त्याला ते कापता येत नाही. ते त्याच्या नातवंडांच्या वाट्याला येते. किनवटच्या गुड्या-पोडांवरची माणसे अशी राखण करावयास तयार आहेत की नाहीत, हे विचारण्याआधी त्या झाडावर त्यांच्या नातवंडांचा हक्क राहील, एवढी खात्री आपण त्यांना दिली पाहिजे.